काका, एकही नवं भोक पाडलं नाही

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘काका’. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग शिकलेला आणि पुढे मिशिगनच्या मशीन शॉपमध्ये जन्म काढलेला माणूस, एवढी ओळख पुरे. आमची जुनी गाडी तुमच्या हाताखाली पुन्हा उभी केली, त्याचे हे आभार. पत्र उघड लिहितोय ते मुद्दाम. मिशिगन, ओहायो, इलिनॉयकडच्या कुणा मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये अशीच एखादी गाडी ताडपत्रीखाली असेल, तर तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते त्याच्याही हाती लागावं.

गाडी १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ. पान्याला हात लावण्याआधी तुम्ही आम्हाला कागदांना बसवलंत, त्याबद्दल पहिले आभार. ओळख क्रमांकाची सुरुवात २४२३७८पी. त्यातला २ म्हणजे पॉन्टिॲक, ४२ म्हणजे जीटीओ, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, ८ म्हणजे साल आणि पी म्हणजे पॉन्टिॲक शहरातलाच कारखाना. मग जुन्या गाड्यांच्या कारखान्याच्या नोंदी देणाऱ्या पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ बिलाची प्रत मागवायला लावलीत. या बाबतीत पॉन्टिॲकवाले नशीबवान, शेव्हरोलेवाल्यांना असा कागद सहसा मिळत नाही. बिलावर चार गिअरचा गिअरबॉक्स, व्हर्डोरो ग्रीन रंग, काळा व्हायनिल टप आणि झाकणाआडचे हेडलाइट निघाले. ब्लॉकवर मात्र पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या खाली, ‘वायएस’ ठोकलेलं. हा कोड ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीचा. टायमिंग कव्हरशेजारचा अर्धा गाडी क्रमांकही दुसऱ्याच गाडीचा. म्हणजे ब्लॉक त्याच वर्षाचा, ४०० घनइंचाचाच, पण घरचा नव्हे.

एका वर्कशॉपने हा क्रमांक घासून ‘बरोबर’ ठोकून देण्याची तयारी दाखवली होती. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘ही खोटी पत्रिका झाली.’ विषय तिथेच संपला. उलट त्या परक्या ब्लॉकने आम्हाला मोकळं केलं. मूळ इंजिन असतं तर हात लावताना दहादा विचार करावा लागला असता. इथे वरून दिसेल ते कारखान्याचं आणि आतलं आपल्या सोयीचं, असं करायला वाव मिळाला.

तुमचा नियम साधा होता. बोल्टने बसतं आणि बोल्टने निघतं ते आवडीचं करा. ज्याला कापावं लागतं किंवा नवं भोक पाडावं लागतं ते कारखान्याचं ठेवा. पाच गिअरचा बॉक्स याच नियमात अडकला. आम्ही पाहिलेल्या बॉक्ससाठी गाडीच्या पोटातला बोगदा कापावा लागत होता. तो बेत सोडला, चार गिअरचा मन्सी बॉक्स आणि ३.५५ चा मागचा गिअर तसाच राहिला. ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला २९०० फेऱ्यांच्या पुढे फिरतं, तर फिरू दे.

‘मूळ’ या शब्दाला फार सोवळ्यात ठेवू नका, हेही तुम्हीच सांगितलंत. मुळात १९६४ ची पहिली जीटीओ हीच एक पळवाट होती. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टिॲकने ३८९ चं इंजिन टेम्पेस्ट ले मान्समध्ये ‘पर्याय’ म्हणून घुसवलं. रॉयल ओकचा रॉयल पॉन्टिॲक हा डीलर तर बॉबकॅट नावाने गाड्या सुधारूनच द्यायचा. हेडचं पातळ पॅकिंग, कार्ब्युरेटरचे बदललेले जेट, डिस्ट्रिब्युटरचा वेगळा ॲडव्हान्स, मॅनिफोल्ड तापवणारी वाट बंद. या बदलांनाही आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. त्या काळी ग्राहक स्वतः जे करत होता ते आज केलं तर गाडीचा अपमान होत नाही, हे तुमचं म्हणणं आम्हाला पटलं.

आता इंजिन. कारखाना १०.७५ कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) सांगायचा, पण त्यासाठी लागणारं शिसं घातलेलं प्रीमियम पेट्रोल आज पंपावर नाही. ९१-९३ ऑक्टेनवर असं इंजिन भर उन्हात चढाला नॉक करतं (मिश्रण अवेळी भडकून ठोके बसतात), आणि ते दुर्लक्षलं की पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो. तुम्ही वहीच्या पाठच्या पानावर मांडलेला हिशेब आमच्याकडे जपून आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.१२० इंचांवरून ४.१५०, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.७५, म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान ८३१ सीसी. १६ नंबरच्या हेडची पोकळी ७२ सीसी, पॅकिंगचे सुमारे १०, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्या) २० थाउ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, खाली राहतो त्याचे साडेचार, व्हॉल्व्हच्या खाचांचे ६. बेरीज साधारण ९२, कॉम्प्रेशन १०. त्याच जागी १४ सीसी खोलगट पिस्टन घेतला की बेरीज १००, कॉम्प्रेशन ९.३. हेड मूळचेच राहिले, बाहेरून काही कळत नाही. हेडची पोकळी मात्र पुस्तकातून घेऊ नका, काचेची पट्टी आणि ब्युरेट लावून स्वतः मोजा, हा तुमचा आग्रह होता. एखाद्याने कधीतरी हेड घासलेलं असेल तर ७२ चे ६८ होतात आणि सगळा हिशेब कोलमडतो.

होनिंग (सिलिंडर घासून गोल करणं) करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड पाटी, लावूनच करा, हाही तुमचाच हट्ट. हेडचे बोल्ट ९५ फूट-पाउंडला आवळले की सिलिंडरचं तोंड किंचित लंबगोल होतं. प्लेटशिवाय गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. कनेक्टिंग रॉड जुने ओतीव होते. ते भंगारात न घालता पेटीत ठेवायला सांगितलंत आणि इंजिनात घडीव रॉड घातले. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ०६७ क्रमांकाऐवजी ०६८ चा. हा पॉन्टिॲकचाच, ३६० अश्वशक्तीच्या इंजिनातला. घराण्याबाहेर गेलो नाही.

क्रँकच्या मागच्या टोकाला तेल अडवणाऱ्या सीलवर सगळ्यात जास्त वाद झाला, आणि तिथे तुम्ही बरोबर होतात. आम्हाला नव्या रबराचं दोन तुकड्यांचं सील हवं होतं. तुम्ही क्रँकवर टॉर्च धरून त्या जागेवरचे बारीक तिरके दात दाखवलेत. ते दोरीच्या सीलसाठीच काढलेले असतात. तिथे पॉलिश न करता रबर बसवलं तर दात त्याचे ओठ खातात. मग ग्रॅफाइटची दोरी रात्रभर तेलात बुडवून ठेवली, खाचेत बोटाने बसवली आणि गुळगुळीत गोल दांड्याने मधून टोकांकडे रगडत नेली. टोकं कात्रीने नव्हे, नव्या ब्लेडने एका झटक्यात, बेअरिंगच्या कॅपच्या पातळीला. एखादा धागा वर राहिला की तो कॅपखाली चेपला जातो, कॅप पुरता टेकत नाही, बोल्ट १२० ला क्लिक होतो आणि बेअरिंगचं माप मात्र खोटं निघतं. तुम्ही भिंगातून पाहिल्याशिवाय कॅप लावू दिली नाहीत. आज गाडीखाली पुठ्ठा टाकला तर सकाळी कोरडा असतो.

पहिल्यांदा सुरू करतानाची धडधड आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त होती. सपाट टॅपेटचा कॅम, त्यामुळे जस्त आणि फॉस्फरस जास्त असलेलं तेल. सुरू होताच २००० ते २५०० फेऱ्यांवर २० मिनिटं, मध्ये आयडलला आणायचं नाही. आयडलला कॅमच्या उंचवट्यांवर पुरेसं तेल उडत नाही आणि ते पहिल्या काही मिनिटांतच झिजतात. त्याआधी ड्रिलने तेलपंप फिरवून दाब तयार करणं, कार्ब्युरेटरची वाटी भरून ठेवणं, टायमिंग आधीच जवळपास लावणं, हे सगळं त्या २० मिनिटांत इंजिन बंद पडू नये म्हणून. ठिणगीची वेळ साधणारे जुने पॉइंट काढून डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घातलं, पण कॉइलकडे जाणारी जुनी वायर मुळातच रोधाची असते. तिच्यावरून मॉड्यूलला पुरे १२ व्होल्ट मिळत नाहीत आणि गाडी गरम झाली की झटके देते. वेगळी तार टाकायची हे तुम्ही आधीच सांगितलं नसतं तर आम्ही महिनाभर कार्ब्युरेटरच उघडत बसलो असतो.

पत्र्याचं काम मिशिगनच्या रस्त्यावरच्या मिठाने आधीच ठरवून ठेवलं होतं. डिकीचा तळ, मागच्या चाकांमागचा पत्रा आणि मागच्या काचेची खाच. व्हायनिल टपाच्या गाड्यांत ही खाच हमखास जाते, कापडाखाली पाणी मुरतं आणि वर महिनोन्‌महिने काही दिसत नाही. तुमची क्रमवारी अशी: आधी चेसिस आणि बॉडीमधली रबरं नवी, मग दारांच्या फटी जुळवायच्या, मग पत्रा कापायचा. उलटं केलं तर नव्या पत्र्यावर फटी जुळतात आणि रबर बदललं की सगळं सरकतं. वेल्डिंग ०.०२३ इंची तारेने, एकेका टाक्याचं, एक इथे तर दुसरा हातभर लांब. सलग ओढलं की पत्रा तव्यावरच्या पापडासारखा फुगतो, मग तो लांबीने (पुट्टीने) झाकावा लागतो, आणि लांबी जाड झाली की दोन हिवाळ्यांत तडा.

व्हायनिल टप परत घालायचा की नाही, हा प्रश्न तुम्ही आमच्यावरच सोडलात. बिलात होता म्हणून घातला. पण आधी खाचेसकट पूर्ण टपावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, सांध्यांवर सीलर, वर रंग, आणि मगच चिकटवलं.

रंगाला तुमचा नियम लागू पडत नव्हता. रंग काढता येतो, पण तो बोल्ट नव्हे. आम्हाला गाडी काळी हवी होती. तुम्ही दाराची चौकट, डिकी, बॉनेटची आतली बाजू, डॅशखालचा पत्रा दाखवून विचारलंत, ‘हे सगळं करणार? नाही तर दार उघडलं की हिरवं दिसणार.’ शिवाय काळ्याखाली पत्र्याची प्रत्येक लाट दिसते. टप काळा आहेच, अशी आमचीच समजूत आम्ही घातली आणि व्हर्डोरो ग्रीन राहिला.

या गाडीचं नाक म्हणजे एन्ड्युरा बंपर, पोलादावर चढवलेलं युरेथेन. १९६८ मध्ये हीच या गाडीची नवलाई होती. त्याला ब्लास्टिंग नको, कडक स्ट्रिपर नको, युरेथेन सुजतं. हाताने १८० आणि मग ३२० कागद, खड्ड्यात लवचीक भराव, रंगात लवचीकपणाचं द्रव्य. नेहमीची लांबी इथे टिकत नाही. धातूच्या चमकीचा रंग असल्यामुळे बंपर वेगळ्या दिवशी किंवा आडवा ठेवून मारला तर चमकीचे कण वेगळे बसतात आणि नाक परकं दिसतं. तुम्ही तो गाडीवर असतो तसाच उभा, स्टँडवर, फेंडरांच्या शेजारी, त्याच बंदुकीने आणि त्याच दाबाने मारायला लावलात. दुपारच्या उन्हातही फरक दिसत नाही.

चाकांवरून मात्र तुमचं-आमचं जमलं नाही. तुम्हाला १४ इंची रॅली टू (पॉन्टिॲकचीच पोलादी चाकं) आणि लाल रेघेचे जुन्या घाटाचे टायर हवे होते. दिसतात देखणे, कबूल. पण पुढे डिस्क ब्रेक घातल्यावर काही १४ इंची चाकं कॅलिपरला घासतात, आणि ते टायर रस्त्याच्या प्रत्येक चरीमागे जातात. आम्ही १५ इंची रॅली टू आणि रेडियल घातले. ब्रेकबाबत तुमची सूचना मोलाची होती. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब अडवून धरणारी झडप असते. ती डिस्कच्या वाटेवर राहिली तर पॅड सतत घासतात आणि चाक हाताला चटका देतं. डिस्क-ड्रमचाच मास्टर घेतला, सोबत दाब वाटणारा व्हॉल्व्ह.

ड्रम, त्यांच्या पाट्या, जुना मास्टर, रॉड, पॉइंट, १४ इंची चाकं असं सगळं तेल लावून पेटीत आहे. प्रत्येक पिशवीत काढल्याची तारीख आणि बोल्टांची संख्या लिहिलेली चिठ्ठी आहे. तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आम्ही बदलल्या नाहीत.

एक गोष्ट राहिलीय. डाव्या हेडलाइटचं झाकण अजून अर्धवटच उघडतं, गाडी डोळा मारल्यासारखी दिसते. हातपंपाने १५ इंच व्हॅक्यूम दिला तर झाकण हलवणारा उजवा डबा मिनिटभर धरून ठेवतो, डावा दहा सेकंदांत सोडतो. नळ्या नव्या आहेत, टाकी तपासली, म्हणजे डब्यातला पडदाच फाटला असणार. नवा डबा आणलाय, पण जुना उघडून दुरुस्त होतो का ते तुम्हीच सांगाल. रविवारी सकाळी या, चहा तयार असेल.

तुमचे,
गॅरेजातले आम्ही चौघे