झोपेचं खरं सांग

चिनू,

काल फोनवर तू म्हणालीस, "माझ्यातच खोट आहे बाबा, हे असंच चालणार, कशातच माझं काही होणार नाही." आणि लगेच, जाऊ दे, झोपते आता. झोपलीस का खरंच? प्रमोशन गेलं त्याचं मला एवढं काही नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

१९७८ मध्ये अब्रॅमसन, सेलिगमन आणि टीसडेल या तिघा मानसशास्त्रज्ञांनी मांडलं होतं की वाईट घडल्यावर माणूस कारण काय लावतो ते बघा. माझ्यामुळेच झालं, कायमच होणार, सगळीकडेच होणार, अशी सवय ज्याला असते त्याला डिप्रेशनचा धोका जास्त. तुझ्या एका वाक्यात तिन्ही आली गं. नुसत्या सवयीने होतं असं नाही, वरून ताण यावा लागतो, आणि तुझ्याकडे तो सहा महिने चालूच आहे. त्याच टीममधली प्रिया दोन दिवस चिडली, बॉसला शिव्या घातल्या, मोकळी झाली. तू मात्र तीच मीटिंग घोळवत बसतेस, मी असं का बोलले, तसं का नाही बोलले. या घोळवण्यावर सुसान नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं काम केलं, त्याने उदासी लांबते आणि वाढते. रात्री तेच चालू असतं ना? म्हणून झोपेचं विचारतोय.

झालं, लेक्चर सुरू. सॉरी.

सहावीत एक बेरीज चुकली म्हणून तू रात्री तीच परत परत करत होतीस, आईने वही काढून घेतली तर बोटाने चादरीवर. केवढी जिद्द, मला अभिमान वाटलेला आणि खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतो. पण आत्याच्या वेळचं सगळं मी जवळून बघितलंय, त्यामुळे भीती पण वाटते. तू म्हणजे आत्या नव्हेस, माहितीये मला.

दोन आठवड्यांच्या वर रोजच उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल तर डॉक्टरांना दाखव, आणि जगणंच नको असं मनात आलं तर रात्रीचे तीन असले तरी फोन कर. विचारांच्या या सवयी बदलता येतात, सीबीटी म्हणतात ती थेरपी त्यासाठीच असते. तुला पटत नसेल तर एकदाच जाऊन भांडून ये त्यांच्याशी, भांडायला तू कुणाला ऐकत नाहीस.

मावशी शनिवारी येतेय तुझ्याकडे, तिला मी काही बोललो नाहीये. आणि झोपेचं खरं खरं कळव, आईला नको, मला.

बाबा