मेळघाटातल्या अनामिक हातांचे मनापासून आभार

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या गुगामलच्या जंगलातून परत आलं की सगळे एकच विचारतात, वाघ दिसला का? मला मात्र आभार मानायचेत ते तिथलं पाणी, वीज आणि वाट चालू ठेवणाऱ्यांचे. नावं ठाऊक नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

भर उन्हाळ्यात पाणवठ्यावरचा सौरपंप दम टाकत होता. एक कोरकू दादा शिडीवर चढले, ओल्या फडक्याने पॅनेलवरची धूळ पुसली, मग गळक्या सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली. थोड्याच वेळात टाक्यात धार पडू लागली. सांबरांना, गव्यांना प्यायला पाणी मिळतं ते असं!

जाळरेषेवरचा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरचा, सागाचा पाचोळा झाडणाऱ्या ताई-दादांनो, तुमचे तर विशेष आभार. पाचोळा तसाच राहिला तर एका ठिणगीने डोंगरच्या डोंगर पेटतो. १९७४ पासून हा व्याघ्र प्रकल्प आहे, पण फोटोत तुम्ही क्वचितच दिसता, याचं फार वाईट वाटतं.

संरक्षण कुटीतून वायरलेसवर निरोप देऊन आमची रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर मागवणारे दादा, तुमचेही आभार. चहाचे पैसे तुम्ही घेतलेच नाहीत.