फॉल लावताना भरणारी उसण आणि आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

परवा सात साड्यांना फॉल लावून उठले आणि हात आपसूक डाव्या खवाट्याकडे, म्हणजे खांद्यामागच्या फऱ्याकडे गेला. दुखत नव्हतं, चार वर्षांच्या सवयीनं गेला. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला पत्र लिहायचं आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या एका गल्लीतच शिलाई करणाऱ्या पाचजणींना हेच दुखणं आहे.

मणका आणि खवाटा यांच्या मधोमध कोणी दाभण खुपसावी तसं व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, वारं भरलं. बाम झाला, गोळ्या झाल्या. महिनाभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच. एका ठिकाणी एक्स-रे पाहून सांगितलं, "मानेच्या मणक्यात गॅप आहे, शिलाई सोडा." शिलाई सोडली तर घर कशावर चालणार? दुखण्यानं नाही एवढी मी त्या वाक्यानं खचले होते.

तुम्ही पाठीला हात लावण्याआधी कितीतरी वेळ नुसतं विचारत होतात. जिना चढताना छातीत दाब येतो का, घाम सुटतो का, दम लागतो का? ताप येतो का, वजन घटलंय का, झोपेतून जाग येईल इतकं दुखतं का? बोटांना मुंग्या येतात का, हातातून कात्री सुटते का? तेलकट खाल्ल्यावर उजवीकडे कळ येते का? पाठीचा आणि तेलकटाचा काय संबंध, मला कळेना. पित्ताशयातल्या खड्यांची कळ उजव्या खवाट्यापाशी जाणवू शकते, हृदयाचं दुखणंही पाठीत येऊ शकतं, हे तेव्हा तुमच्याकडून कळलं. यातलं काही असतं तर व्यायाम बाजूला ठेवून तुम्ही मला आधी डॉक्टरांकडे पाठवणार होतात. हे घराघरातल्या बायकांना माहीत असायला हवं.

मग स्टुलावर बसवून म्हणालात, "आता फॉल लावून दाखवा." मी ओढणी मांडीवर घेतली आणि मान खाली घालून टाके घालू लागले. तुम्ही हलक्या हातानं माझी मान आणखी थोडी वाकवून डावीकडे कलती केलीत. नेमकी तीच कळ, नेमकी तिथेच! पाठीला तर कोणी बोटही लावलं नव्हतं. दुखणं मानेचं आणि उमटतंय खवाट्याशी, हे मला त्या क्षणी पटलं. डोकं जवळपास 5 किलोचं, ते तासन्‌तास पुढे झुकलं की मानेमागचे स्नायू त्याला ओढून धरतात आणि थकतात.

खवाटा तुम्ही मला माझ्याच भाषेत समजावलात. धडाशी त्याला जोडणारा सांधा एकच, पुढे कॉलरबोनपाशी. बाकी तो फासळ्यांवर सरकता असतो, 17 स्नायूंनी तोलून धरलेला. मुंढ्याला टीप मारण्याआधी बाही टाचण्यांवर तोललेली असते ना, तशी. टाचण्या ढिल्या पडल्या की बाही ओघळते. आणि तो 'गॅप'? वय वाढलं की असे बदल ज्यांना काहीच दुखत नाही त्यांच्या एक्स-रेतही दिसतात, असं म्हणालात. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी निर्धास्त झोपले.

आता मांडीवर जाड उशी असते आणि तिच्यावर साडी, म्हणजे काम डोळ्यांकडे येतं, मान कामाकडे जात नाही. अर्ध्या तासानं मोबाइल वाजला की उठते. खिडकीच्या गजाला तुम्ही दिलेला इलॅस्टिकचा पट्टा बांधलाय. कोपरं बरगड्यांजवळ ठेवून तो ओढते, मग भिंतीवर हात टेकून ढकलते, आणि शेवटी तुम्ही शिकवलात तो जास्तीचा रेटा, म्हणजे कोपरं सरळ झाल्यावरही भिंतीला आणखी थोडं ढकलणं. गांधीबागेतून कापड आणताना एकच गाठोडं खांद्यावर टाकत नाही, दोन पिशव्या करते.

पण सगळ्यात मोठे आभार महालक्ष्म्यांच्या आधीच्या त्या फोनचे. ब्लाउजांचा ढीग पडला होता, दुखणं उलटलं होतं आणि मी रडत होते. तुम्ही रागावला नाहीत. "उलटलं म्हणजे काही फाटलं असं नाही. दोन दिवस पट्टा हलका ओढा, शेक घ्या, पण मान फिरवत राहा, चालत राहा. हातातली ताकद कमी वाटली किंवा मुंग्या सुरू झाल्या तर मात्र लगेच या." पाचव्या दिवशी उतरलं. तेव्हापासून ते पुन्हा आलं तरी मी घाबरत नाही. आधी आठवते, या आठवड्यात उशी घ्यायची राहिली का, पट्टा किती दिवस हातात धरला नाही.

येत्या महालक्ष्म्यांना आमच्याकडे जेवायला यायचं, मॅडम. आंबील मी स्वतः करते. आणि येताना मापाचा ब्लाउज आणा, शिलाईचे पैसे मात्र काढायचे नाहीत.

तुमची,
महालातली शिलाईवाली