भाताची विद्या कोणाची?

संपादक महोदय,

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाचे गोरे मळेवाले भातावर गब्बर झाले. पण खाचरं बांधली सिएरा लिओन, सेनेगाल, गांबियाकडून धरून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी. त्यांच्या मुलखात भात पिढ्यान्‌पिढ्या पिकत होता. इतिहासात त्यांना नुसतं ‘मजूर’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ती जाणती शेतकरी माणसं होती. टाचेनं बी मातीत दाबायचं, लाकडी उखळात कांडायचं, गवताच्या पसरट, गोल टोपलीत पाखडायचं, ही पद्धत त्यांचीच. ती टोपली पाहिली की आपलं सूप आठवतं! त्यांचे वंशज, गल्ला-गीची समाजातल्या बाया, दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहराच्या बाजारात बसून आजही त्याच वळणाच्या टोपल्या विणतात.

– एक वाचक, चिपळूण