ते गाणं नव्हतं, घासाघीस होती

संपादक महोदय,

फोनच्या तारेवरून संगणक नेटवर्कला जोडणाऱ्या डायल-अप मोडेमच्या आवाजाच्या आठवणीने हल्ली बऱ्याच जणांना गहिवरून येतं. मला नाही येत. संशोधन करत असताना घरून विद्यापीठाच्या नेटवर्कला जोडून घ्यायला मी सलग तीन रात्री त्या डबड्यापुढे बसले होते.

संगणक विभागाने दिलेल्या कागदावर फोन नंबर आणि 'आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट' ही जोडणीची सेटिंग्ज, बस्स. मोडेम दरवेळी 'नो डायलटोन' (फोन उचलल्यावर येणारा टोनच नाही) म्हणून हात वर करायचा. रिसीव्हर कानाला लावावा तर टोन खणखणीत! आमच्या लाइनचा टोन त्याच्या ओळखीचा नव्हता, एवढंच दुखणं. शेवटी 'एटीएक्स३' ही आज्ञा घातली, तेव्हा टोनची वाट न बघता तो मुकाट नंबर फिरवू लागला.

पुढची ती किंचाळी म्हणजे दोन मोडेमची वेगावरून चाललेली घासाघीस. खोक्यावर सेकंदाला ५६ किलोबिट छापलेलं असलं तरी लाइनीत खरखर असली की २८.८ वर समाधान मानायचं. पूर्ण ५६ मिळाले असते, तरी आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सेकंदाला जेमतेम ७ किलोबाइट; एक मेगाबाइटच्या फाइलला सुमारे अडीच मिनिटं. तेवढ्यात आतल्या खोलीत कुणी फोन उचलला की सगळं मुसळ केरात.

आणि हो, मोडेमचा तो किंचाळणारा स्पीकर 'एटीएम०' ही आज्ञा लिहून बंद करता येत होता. मला हे कळलं तेव्हा प्रबंध सादर होऊन गेला होता.

– एक निवृत्त प्राध्यापिका