तुझ्या डॅकच्या निळ्या दिव्याबद्दल

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय गड्या,

सोयाबीन घरात येऊन पडलंय, भाव पाहून विकावंसं वाटत नाही आणि कापसाची वेचणी अजून अर्धीच झालीय. पण संध्याकाळ रिकामी आहे, ती तुझ्याशी भांडण्यात घालवतो. टायडल या इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवेनं एमक्यूए ही आवाजाची फाइल दाबायची पद्धत बंद केली तेव्हापासून तू तिकडे मेलबर्नला आपला डॅक, म्हणजे डिजिटल फाइलीचा आवाज करणारा डबा, पुढ्यात घेऊन सुतक धरून बसलायस, आणि मी ‘बरं झालं’ म्हणालो म्हणून फुगलायस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्राला मात्र मध्येच तोडता येत नाही.

आधी तुझी बाजू घेतो. २०१४ च्या डिसेंबरात मेरिडियन या ब्रिटिश ऑडिओ कंपनीच्या बॉब स्टुअर्टनं हे एमक्यूए आणलं, त्यात डोकं होतं. ९६ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने घेतलेल्या, रेकॉर्डिंगमधला २४ किलोहर्ट्झच्या वरचा, कानापलीकडचा भाग दाबायचा आणि प्रत्येक नमुन्याच्या २४ बिटांपैकी तळाच्या बिटांत, गोंगाटाच्या पातळीखाली, घडी घालून ठेवायचा. डीकोडर असेल त्यानं घडी उलगडावी, नसेल त्यानं तशीच ऐकावी. ९६/२४ चं स्टीरिओ न दाबता पाठवलं तर सेकंदाला साडेचार मेगाबिटच्या वर जातं, आणि त्या काळी आमच्या गावात व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. आता डेटा स्वस्त झाला. अडचण आहे ती विजेच्या लाइनची. लाइन गेली की टॉवर झोपतो, मग साधी एमपी३ही येत नाही न् तुझी घडीही येत नाही. ज्या कारणानं घडी घातली ते कारणच उरलं नाही, तर ती सांभाळायची काहून?

माझा खरा राग आवाजावर नाही, कुलपावर आहे. फ्लॅक, म्हणजे काहीही न गमावता फाइल दाबायचं दुसरं तंत्र, २००१ पासून सगळ्यांना मोकळं आहे. उलगडलं की मूळ फाइल बिटाला बिट जुळते, आणि कोणालाही ते तपासता येतं. एमक्यूएमध्ये घडी घालताना वरच्या भागातलं काही कायमचं जातं, तरी नाव मात्र ‘मास्टर’, म्हणजे स्टुडिओतली मूळ प्रत. शिवाय घडी घालणारा पैसे देणार, उलगडणारं यंत्र बनवणाराही देणार. बीटी कापसाच्या पाकिटात तंत्रज्ञानाची फी कशी असायची, आठवतं? पावतीवर वेगळी दिसायची नाही, पण द्यायचे आपणच. तुझ्या डॅकच्या किमतीतही ती तशीच बसलेली आहे. स्कॉटलंडच्या लिन कंपनीनं २०१७ मध्येच या वसुलीवर उघड टीका केली होती.

आणि तो निळा दिवा! तू त्याचा फोटो देवाच्या फोटोसारखा पाठवला होतास. निळा लागला म्हणजे कलाकारानं मान्य केलेलीच फाइल वाजतेय, असा दावा. २०२१ मध्ये गोल्डनसाउंड नावाच्या यूट्यूबरनं चाचणीचे सिग्नल घातलेलं स्वतःचं ट्रॅक टायडलवर चढवलं. मूळ फाइल त्याच्याकडेच होती, त्यामुळे ताडून पाहता आलं. बाहेर आलेली फाइल वेगळी निघाली, दिवा मात्र लागलेलाच. एमक्यूए कंपनी म्हणाली, हे सिग्नल म्हणजे संगीत नव्हे, आमची पद्धत संगीतासाठी आहे. त्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. पण मग दिवा कशाची ग्वाही देत होता, बाप्पा? त्याच वर्षी गायक नील यंगनं आपली गाणी टायडलवरून काढून घेतली. २०२३ च्या एप्रिलमध्ये एमक्यूए कंपनी दिवाळखोरीच्या दारात पोचून प्रशासकाच्या हाती गेली, सप्टेंबरात लेनब्रुक या कॅनडाच्या ऑडिओ कंपनीनं ती घेतली, आणि जुलै २०२४ मध्ये टायडल फ्लॅकवर आलं.

आता तुझं हुकमी वाक्य: ‘पण मला फरक ऐकू येतो.’ येत असेल. पण दोन फाइलींचं मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, वेगळं असेल, किंवा एक किंचित मोठ्यानं वाजत असेल, तरीही येतो. आणि किंचित मोठ्यानं वाजतं ते कानाला बहुधा चांगलंच वाटतं. फ्लॅकच्या १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींसाठी हट्ट धरणारे तुझे दुसरे मित्रही यातून सुटत नाहीत. साध्या सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झही आवाजाच्या बावीस किलोहर्ट्झपर्यंत पोचतं. माझे कान थ्रेशरजवळ उभं राहून कधीच त्याच्या खाली आलेत, तुझेही वयानं आले असणार. २०१६ मध्ये जोशुआ रीस या संशोधकानं असा बारीक आवाज आणि साधा आवाज यांतला फरक ओळखायच्या चाचण्यांचे निकाल एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरं ५२ टक्क्यांच्या आसपास निघाली; नुसत्या अंदाजानं ठोकलं तरी ५० येतात. सराव असलेल्यांची त्याहून बरी. म्हणजे फरक शून्य नाही, पण ‘पडदा उठला’ म्हणण्याइतका तर नाहीच.

माझ्याकडे तुकडोजी महाराजांच्या जुन्या खंजिरी भजनांच्या फाइली आहेत, तबकडीवरून उतरवलेल्या. वरच्या पट्टीत खरखरीशिवाय फारसं काही नाही. तरी खंजिरीवर थाप पडली की आमच्या ओसरीवरचे म्हातारे ताठ बसतात. तिथे निळा दिवा लावून काय उजेड पडणार?

डॅक विकू नकोस. तो फ्लॅक उत्तम वाजवतो, आणि विकत घेतलेल्या एमक्यूए फाइली अजूनही उलगडतो. जानेवारीत येशील तेव्हा सोबत आण. आवाज मीटरनं जुळवू, तू भिंतीकडे तोंड करून बस, पुतण्या बटण बदलेल. सोळापैकी बारा ओळखलेस तर गावभर सांगेन की तू जिंकलास. मात्र नागपूरहून चांगला स्टॅबिलायझर घेऊनच ये. रात्री वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पार बसतं, आणि तू त्याचाही दोष फ्लॅकलाच देशील.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
भांडखोर मित्र