भीती कॉर्नफ्लोअरची नको, भेसळीची हवी

महोदय,

सूप दाट करायला वापरतात ते कॉर्नफ्लोअर अनेकांना ‘केमिकल’ वाटते; ते तसे नव्हे. मक्याच्या दाण्यातला तो निव्वळ स्टार्च. मक्याचे पिवळे पीठ वेगळे. २०० मिली सूपला चहाचे दोन चमचे पुरतात, पण आधी गार पाण्यात कालवून. थेट गरम सुपात टाकले की गुठळ्या होतात: बाहेरचा थर लगेच फुगतो, आत पीठ कोरडेच. एक उकळी आणावीच, नाहीतर कच्चट चव राहते. मधुमेहींनी मात्र जपावे, साखर झटकन वाढते.

खरा संताप खव्या-पनीरमधल्या स्टार्चच्या भेसळीचा यायला हवा. तुकडा पाण्यात उकळून पूर्ण गार करावा (गरम असताना रंग दिसत नाही), आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळे झाले तर स्टार्च मिसळलेला आहे. तो नमुना चाचणीनंतर खाऊ नये.

– एक अन्नतंत्रज्ञ, पुणे